बीबीएची पाटी आणि आपली जागा

बारावीचा निकाल लागला की साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत फलकांचे पीक येते. टाय लावलेला हसरा तरुण, त्याच्या मागे काचेची इमारत आणि खाली ‘बीबीए करा, मॅनेजर व्हा’ असा संदेश. माण, खटाव, जत, आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यांतून एस.टी.ने आलेला आपला विद्यार्थी हा फलक वाचतो आणि प्रवेशाच्या खिडकीशी उभा राहतो. आपण कोणत्या अभ्यासक्रमाला, कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या जागेवर प्रवेश घेत आहोत, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. न सांगण्यातच अनेकांचे हित आहे.

बीबीए म्हणजे व्यवसाय प्रशासनाची पदवी. अनेक वर्षे ही पदवी बिगर-व्यावसायिक मानली जात होती. विद्यापीठाची संलग्नता घ्यायची, कायम विनाअनुदानित तुकडी काढायची आणि महाविद्यालयाच्या खिडकीवर प्रवेश द्यायचे, असा सरळ व्यवहार होता. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे 1962 साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रातले. 2021 मध्ये साताऱ्यात तीन महाविद्यालये मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झाले, त्यात धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालयही आहे. सांगलीत चिंतामणराव वाणिज्य महाविद्यालय 1960 पासून आहे. म्हणजे वाणिज्य शिक्षणाची परंपरा या भागाला नवी नाही. नवे आहे ते या शिक्षणावर आलेले नियंत्रण, आणि त्या नियंत्रणातून निसटण्याची धडपड.

2024-25 या शैक्षणिक वर्षापासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले. त्यामुळे महाराष्ट्रात ते व्यावसायिक अभ्यासक्रम ठरले. राज्याच्या सीईटी कक्षाने मे 2024 मध्ये त्यांची पहिली प्रवेश परीक्षा घेतली. राज्यात जागा होत्या लाखाच्या वर आणि परीक्षेला बसले पन्नास हजारांहून कमी विद्यार्थी! मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा जादा सीईटी घ्यावी लागली. तोपर्यंत बी.कॉम.चे वर्ग सुरू होऊन गेले होते. ज्याच्या घरी चौकशी करणारा कोणी नाही, तो विद्यार्थी या गोंधळात सर्वांत आधी गळतो, हे सांगण्यासाठी आयोग नेमण्याची गरज नाही.

या सीईटीवर आक्षेप घेण्यासारखे बरेच आहे. शंभर प्रश्नांपैकी चाळीस इंग्रजी भाषेचे, तीस तर्कशक्तीचे, उरलेले सामान्यज्ञान आणि संगणकाचे. बारावीला वाणिज्य शाखेत पुस्तपालन आणि अर्थशास्त्र शिकलेल्या मुलाला त्यातले काहीच विचारले जात नाही. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीने जमा-खर्चाचा ताळेबंद बिनचूक मांडला तरी गुण शून्य, आणि शहरी इंग्रजी शाळेतल्या मुलाला घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेचे चाळीस गुण! ही गुणवत्तेची परीक्षा की घरातल्या भाषेची? आंबेडकरी विद्यार्थी संघटनांनी हा प्रश्न लावून धरलाच पाहिजे.

परंतु परीक्षा चुकीची आहे म्हणून नियंत्रणही नको, हा संस्थाचालकांचा युक्तिवाद आपण आपल्या तोंडी घेऊ नये. नियंत्रण आल्याबरोबर राज्यभरातील अनेक महाविद्यालयांनी एक सोपी वाट काढली. बीबीए, बीएमएस ही नावेच पुसून टाकली. त्याच वर्गात, त्याच प्राध्यापकांकडून, जवळपास तोच अभ्यासक्रम ‘बी.कॉम. (मॅनेजमेंट)’ किंवा तत्सम नावाने सुरू झाला. विद्यार्थ्यांना सांगितले गेले की, तुमच्या डोक्यावरची सीईटीची कटकट आम्ही काढली. पालक खूश झाले. कटकटीबरोबर आणखी काय काय गेले, याचा हिशेब कोणी दिला नाही.

तो हिशेब असा. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या खाजगी संस्थांना 2006 चा राज्याचा आरक्षण कायदा लागू होतो. केंद्राने 2005 साली 93 वी घटनादुरुस्ती करून कलम 15(5) आणले, त्यानंतरचा हा कायदा. त्यानुसार अनुसूचित जाती 13, अनुसूचित जमाती 7, विमुक्त जाती व भटक्या जमाती 11 आणि इतर मागासवर्ग 19 अशा पन्नास टक्के जागा राखीव आहेत. प्रवेश केंद्रीय पद्धतीने होतात, म्हणजे कोणत्या महाविद्यालयात कोणत्या प्रवर्गाच्या किती जागा होत्या आणि त्या कोणाला मिळाल्या, याची यादी जाहीर होते. शुल्क संस्थाचालक ठरवीत नाही, 2015 च्या कायद्याखालील शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. बी.कॉम.च्या पाटीखालीही आरक्षण कागदावर असतेच, नाही असे नाही. पण तेथे यादी लावणारा, तपासणारा आणि रिकामी जागा भरणारा एकच, तो म्हणजे महाविद्यालयाचे कार्यालय. ‘तुमच्या प्रवर्गातून कोणी आलेच नाही’ हे वाक्य आपण किती वर्षे ऐकत आलो आहोत! केंद्रीय यादीने या वाक्याला पहिल्यांदा पुरावा मागितला. पाटी बदलली की पुरावाही गेला.

शिष्यवृत्तीची बाजू तर अधिकच गुंतागुंतीची. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जातीच्या कुटुंबाची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये. ही मर्यादा 2013 सालची, आणि 2021 मध्ये आलेल्या नव्या मार्गदर्शक सूचनांतही तीच कायम राहिली. त्याच सुमारास केंद्र आणि राज्य यांचा वाटा 60:40 ठरला आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होऊ लागला. वरवर पाहता हे चांगलेच. पण पैसे येतात उशिरा आणि महाविद्यालय शुल्क मागते प्रवेशाच्या दिवशी. मधल्या काळात सावकार, बचत गट किंवा आईच्या कानातले. प्रवेशाच्या वेळी शुल्क न घेण्यासाठी ‘फ्रीशिप कार्ड’ची तरतूद त्याच सूचनांत आहे, हे खिडकीवरचा कारकून सांगत नाही. आणखी एक मेख अशी की, व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ही शिष्यवृत्ती मिळत नाही. 2024 मध्ये केंद्रीय फेऱ्या संपल्यावर हजारो जागा रिकाम्या राहिल्या, आणि अशा जागा मग संस्थेच्या पातळीवर भरल्या जातात. अशी जागा आपल्याला कोणत्या कोट्यात दाखवली जात आहे, हे सही करण्यापूर्वी विचारले नाही तर तीन वर्षांचा खर्च बापाच्या मजुरीतून जातो.

राहण्याचा प्रश्न वेगळाच. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी 2016-17 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्या मूळ दरानुसार रक्कम शहरागणिक बदलते आणि साताऱ्यात ती वर्षाला 43 हजार. साताऱ्याची खोली इतर शहरांपेक्षा स्वस्त आहे असे शासनाला कोणी सांगितले, देव जाणे. (देव आम्ही मानत नाही, तेव्हा वित्त विभाग जाणे.)

हे वाचून चळवळीतलाच एखादा ज्येष्ठ कार्यकर्ता म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? बीबीए हे तर भांडवलदारांना कारकून पुरवणारे शिक्षण. खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरणाचे अपत्य. आपल्या मुलांनी स्पर्धा परीक्षा द्याव्यात. या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. ज्या ‘खाउजा’ने सरकारी नोकऱ्या आटवल्या, तिच्या हिशेबाच्या वह्या वाचता येणारी माणसे आपल्याकडे नसतील तर आपण तिच्याशी लढणार कशाने?

बाबासाहेबांना हा विषय परका नव्हता. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्यांचे नाव दाखल झाले. त्या काळात सुभेदार रामजी खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपाल होते. पैशाचा हिशेब त्या घरात होताच. बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली. जात कळल्यावर गिऱ्हाईक फिरकेना, पेढी बंद पडली. 1918 मध्ये ते सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1953 साली मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढले. कायद्याचे महाविद्यालय त्यानंतर, 1956 मध्ये आले, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्यांच्याही आधी, ज्यांचे मूळ घराणे साताऱ्याच्या कटगुणचे, ते जोतीराव फुले पुण्यात कंत्राटदार कंपनीचे भागीदार होते आणि त्या कमाईतला पैसा चळवळीत लावत होते. ज्या बाजारात जात कळताच पेढी बंद पडते, त्या बाजाराकडे पाठ फिरवा, असे या दोघांपैकी कोणीही सांगितले नाही.

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे पाहा. कृष्णाकाठचे सारे अर्थकारण सहकारावर उभे आहे. साखर कारखाने, दूध संघ, जिल्हा बँका, सूतगिरण्या. ऊस तोडणारे आणि मोळी उचलणारे हात कोणाचे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण कारखान्याच्या लेखा विभागात, खरेदी विभागात, बँकेच्या कर्ज समितीसमोर टिपणी मांडणाऱ्या टेबलावर आपली माणसे किती? 2004 साली राज्य सरकारने अनुसूचित जातीच्या सहकारी औद्योगिक संस्थांसाठी योजना आणली. सभासदांचे भांडवल 5 टक्के, शासनाचे भागभांडवल 35 टक्के, शासनाचे कर्ज 35 टक्के आणि बँकेचे 25 टक्के. कागदावर याहून उदार योजना शोधून सापडणार नाही. तरी नावाला आपला माणूस अध्यक्ष आणि चेकबुक दुसऱ्याच्या खिशात, ही तक्रार राज्यभर होत राहिली. सह्या करणाऱ्याला ताळेबंद वाचता येत नसेल तर दुसरे काय होणार? 2012 च्या केंद्रीय खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी 4 टक्के वाटा राखून ठेवला आहे. निविदा भरणारा, किंमत काढणारा, जीएसटीचा परतावा समजणारा आपला पदवीधर कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत उभा राहिला, तरच त्या 4 टक्क्यांना अर्थ.

कर्मवीरांनी 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले ते गरिबाला फुकट, श्रम करून शिकता यावे म्हणून. त्याच मातीत आता पदवीचे नाव बदलून कायदा चुकवण्याच्या वाटा शोधल्या जाव्यात, याचे दुःख आहे. पण नुसते दुःख करून जागा भरत नाहीत. एप्रिल-मे महिन्यात जयंतीच्या मंडपातच दहा-पंधरा दिवस सीईटीच्या इंग्रजीचा वर्ग घेता येतो. तालुक्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाला माहितीच्या अधिकारात विचारता येते की, तुमचा अभ्यासक्रम तंत्रशिक्षण परिषदेने मान्य केलेला आहे काय, नाव कोणत्या वर्षी आणि कोणाच्या ठरावाने बदलले, आणि मागील तीन वर्षांत प्रवर्गनिहाय प्रवेश किती झाले. अनुदानित महाविद्यालयाला उत्तर देणे टाळता येत नाही. पूर्ण खाजगी संस्थेने नकार दिला, तर तीच माहिती विद्यापीठाकडे आणि जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे मागावी. शिष्यवृत्तीचे अर्ज शेवटी त्यांच्याच टेबलावर येतात.