वटवाघळाचे पिल्लू उचलण्याआधी

एप्रिलमधली दुपार. गावाच्या कडेला जुनी चिंच किंवा वड, आणि त्यावर उलटी लटकलेली शे-दोनशे वटवाघळे. उकाडा सोसवत नाही म्हणून ती पंखांनीच वारा घेत असतात. खाली पाचोळ्यात मुठीएवढे पिल्लू चिरकत पडलेले असते. आई कधी वरून जाणाऱ्या विजेच्या तारेला अडकून मेलेली असते, तर कधी उन्हाने. औंढ्यापासून वसमतपर्यंत कुठल्याही गावात असे दृश्य दिसू शकते. अशा वेळी बघ्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘अपशकुनी जात, मरू द्या.’ दुसरी, बहुधा शाळकरी मुलगी, पिल्लू ओढणीत गुंडाळून घरी नेते आणि चमच्याने दूध पाजू लागते.

माझा कल त्या मुलीकडे आहे. तरीही तिचे चुकते आहे, आणि ती चूक तिच्या व पिल्लाच्या, दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

आधी पिल्लाची बाजू. फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळाच्या मादीला वर्षाला साधारण एकच पिल्लू होते. जन्मानंतरचे पहिले काही आठवडे ते आईच्या अंगाला घट्ट बिलगून असते, आणि स्वतः उडून पोट भरायला त्याला काही महिने लागतात. तान्ह्या पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. ऊब न देता थंड पडलेल्या पिल्लाला दूध पाजले तर ते पचत नाही; चमच्याने घाईत पाजले तर श्वासनलिकेत जाते. मायेने पाजलेल्या दुधानेच पिल्लू दगावते, ते असे.

आता मुलीची बाजू. 2018 मध्ये कोझिकोड भागात निपाहने 17 जणांचा बळी घेतला. तेव्हा हा विषाणू याच मोठ्या फळखाऊ वटवाघळांत सापडला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांत निपाहविरोधी प्रतिपिंडे आढळली. याचा अर्थ आपल्याकडे साथ आहे, असा नाही. या प्राण्यांचा कधीतरी त्या विषाणूशी संबंध आला होता, एवढाच. पण निपाह झालेल्यांपैकी 40 ते 75 टक्के रुग्ण दगावतात आणि त्यावर मान्यताप्राप्त लस नाही. रेबीजचे म्हणाल, तर भारतात वटवाघळामुळे माणसाला रेबीज झाल्याचा ठोस पुरावा नाही. मात्र श्रीलंकेत याच जातीच्या वटवाघळांत रेबीजच्या कुळातला विषाणू सापडला आहे. पिल्लाचे दात बारीक असले तरी टोकदार असतात. तो ओरखडा आईबापांना दिसतही नाही.

मग अशा पिल्लांना वाचवूच नये का? वाचवावे, पण कसे, ते ऑस्ट्रेलियाकडून शिकावे. नोव्हेंबर 2018 मध्ये केर्न्स शहराच्या परिसरात उष्णतेच्या लाटेने सुमारे 23 हजार फळखाऊ वटवाघळे मेली आणि शेकडो पिल्ले पोरकी झाली. स्वयंसेवकांनी ती वाढवली. बाळासारखी फडक्यात गुंडाळून, तोंडात चोखणी देऊन, दिवसरात्र ठरल्या वेळी दूध पाजून. त्यांचे फोटो जगभर गाजले. फोटोत न दिसणारी गोष्ट अशी की, रेबीजची लस आधीच घेतलेल्या आणि प्रशिक्षित माणसानेच वटवाघळाला हात लावायचा, असा तिथे दंडक आहे. तिथे वटवाघळातून आलेल्या विषाणूने माणसे दगावली आहेत, त्यातून ही शिस्त आली.

आपल्याकडे ही शिस्त बसेपर्यंत सामान्य माणसाने काय करावे? उघड्या हाताने पिल्लाला शिवू नये. मुलांना व कुत्र्यांना दूर ठेवावे. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर किंवा जवळच्या वन कार्यालयात कळवावे. पिल्लू उन्हात असेल आणि हलवणे भागच असेल, तर जाड हातमोजे घालून व जाड फडक्याने धरून ते भोके पाडलेल्या खोक्यात सावलीत ठेवावे. आत त्याला धरून लटकता येईल असे फडके सोडावे. मेलेल्या आईला बिलगलेले असेल तर ओढून काढू नये. दूध-पाणी काहीही पाजू नये. आई जिवंत असण्याची शक्यता असेल तर वनकर्मचाऱ्यांना ते पिल्लू संध्याकाळी त्याच झाडावर उंच ठेवून बघता येते. आई आवाजावरून आणि वासावरून त्याला ओळखते. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि सरकारी दवाखान्यात ‘वटवाघूळ चावले’ असे स्पष्ट सांगावे. वन्यप्राणी घरी ठेवून घेणे कायद्यालाही मान्य नाही. तो ताब्यात आल्यास 48 तासांत कळवणे बंधनकारक आहे.

खरी अडचण यापुढे आहे. फोन केला, वनरक्षक आले, पण पिल्लू न्यायचे कुठे? वन्यप्राण्यांवर उपचार करणारी नावाजलेली केंद्रे नागपुरात आणि पुण्यात. हिंगोलीहून तिथे पोहोचेपर्यंत तान्हे पिल्लू तग धरेल, ही आशा भाबडी आहे. म्हणून माझी मागणी छोटी आहे. जिल्ह्यात पाच तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात चार-पाच प्रौढ स्वयंसेवक वन विभागाने निवडावेत. रेबीजची लस त्यांना जिल्हा रुग्णालयात आधीच मिळावी. हाताळणीचे प्रशिक्षण शेजारच्या परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने द्यावे. हातमोजे, मास्क, खोकी, उबेची पिशवी आणि एक नोंदवही, एवढेच साहित्य. ती वहीही कामाची. एकाच झाडाखाली वटवाघळे मरू लागली, तर आरोग्य विभागाला पहिली खबर तिथूनच मिळेल.

‘एवढा खटाटोप वटवाघळासाठी?’ असे कुणी विचारेल. मोहाची फुले रात्री फळवतात ती हीच वटवाघळे. वड-उंबराच्या बिया लांबवर नेतात तीही हीच. 2022 च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यातली ‘उपद्रवी’ प्राण्यांची यादी गेली. त्याआधी फळे खाणारी वटवाघळे तिच्यात उंदीर-कावळ्यांच्या पंगतीला होती. भीतीपोटी झाड तोडणे हा तर उलटा उपाय. ऑस्ट्रेलियातला हेन्ड्रा विषाणूचा दीर्घ अभ्यास सांगतो की आसरा आणि अन्न हरवले, की वटवाघळे माणसांच्या वस्तीजवळ येतात आणि त्यांच्याकडून घोड्यांना विषाणू लागण्याचे प्रसंग वाढतात. आपले आरोग्य जपायचे, तर त्यांचे झाड जपायला हवे.

त्या मुलीला ‘हात लावू नकोस’ एवढेच सांगून आपण मोकळे झालो, तर पुढच्या वेळी ती नुसती बघे बनेल. तिला फोन करायला क्रमांक हवा आणि त्या फोनवर धावून येणारे शिकलेले माणूस हवे. अठरा वर्षांची झाल्यावर, लस घेऊन, ते माणूस तिनेच व्हावे.