रिकाम्या रकान्याचा अर्थ



आमच्या समुपदेशन केंद्रातल्या केसनोंदी ज्या प्रोग्रॅममध्ये आहेत तो अँग्युलरजेएस या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, उभा आहे. गूगलने या सांगाड्याची देखभाल २०२१च्या अखेरीस थांबवली. सुरक्षेतली भोके आता तिथून बुजवली जात नाहीत. नव्या सांगाड्यावर जाणे भागच आहे. पूर्वी या कामाचा खर्च ऐकूनच आम्ही गप्प बसायचो.

आता एआय एजंट आले आहेत. ते जुना कोड वाचतात, नवा लिहितात, चालवून पाहतात, चुकले तर स्वतःच दुरुस्त करतात. एअरबीएनबी कंपनीने एआयच्या मदतीने चाचण्यांच्या सुमारे ३,५०० फायली सहा आठवड्यांत नव्या पद्धतीत आणल्याचे २०२५ साली जाहीर केले. हाताने दीड वर्ष लागेल असा अंदाज होता. शेवटच्या थोड्या फायली मात्र माणसांनीच पुऱ्या केल्या. पैशाची कायम ओढाताण असलेल्या आपल्यासारख्या संस्थांनी हे साधन नाकारू नये, असे मला वाटते.

पण 'झाले' असे एजंट कशाच्या आधारावर म्हणतो? दिलेल्या चाचण्या पास झाल्या की त्याच्या लेखी काम संपते. आमच्या प्रोग्रॅममध्ये 'सुरक्षित फोन' हा रकाना रिकामा असेल तर संदेश जातच नाही. परक्याला ती राहून गेलेली नोंद वाटेल, आणि तिथे बाईचा नेहमीचा नंबर येऊन बसेल. तो फोन अनेकदा नवऱ्याच्या हातात असतो! तसेच ४९८-अचे. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८५ लागू झाले, पण त्याआधीच्या घटना ४९८-अखालीच राहतात. कोणी सरसकट 'सुधारणा' केली तर नोंदी चुकतील.

असे नियम निम्मे कोडमध्ये आहेत, निम्मे कार्यकर्त्यांच्या डोक्यात. ते आम्ही साध्या मराठीत लिहून काढतो आहोत: रकान्यात हे भरले तर पुढे काय व्हावे, काय होऊ नये. त्यावरूनच चाचण्या करून घेऊ. (पहिली नोंद घेणाऱ्या ताईंना तुमचे काम चालते कसे, हे यानिमित्ताने प्रथमच कोणी विचारले.) एजंटपुढे एकही खरी केस जाणार नाही, सगळी नावे-पत्ते बनावट असतील, ही अट करारात घातली आहे. नंतर महिनाभर जुना-नवा प्रोग्रॅम सोबत चालवून ताळा करू.

तुमच्या केंद्रातले असे अलिखित नियम आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात यादी छापू.