कोपऱ्यातील हानी, पटावरील विवेक

नुकसान झाले तर ते कोठे थांबवावे, हा प्रश्न प्रत्येक पेढीपुढे कधी ना कधी उभा राहतो. चीनमध्ये जन्मलेल्या आणि जपानमध्ये विशेष बहरलेल्या ‘गो’ या पटखेळात तर हा प्रश्न डावाच्या आरंभीच, पटाच्या कोपऱ्यात उभा राहतो.

या पटावर १९ उभ्या व १९ आडव्या रेषा असतात आणि त्यांच्या ३६१ छेदबिंदूंवर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या आळीपाळीने ठेवल्या जातात. ठेवलेली सोंगटी पुन्हा हलवता येत नाही. एखाद्या समूहाच्या लगतचे सर्व मोकळे बिंदू प्रतिपक्षाने व्यापले, तर तो समूह पटावरून उचलला जातो. अखेरीस अधिक प्रदेश राखणारा जिंकतो. कोपऱ्यात पटाच्या दोन कडांचे कुंपण आयतेच मिळते, म्हणून दोघेही प्रथम तेथे धाव घेतात आणि पहिली झुंज तेथेच पेटते.

या झुंजींतील उभय पक्षांना न्याय्य ठरणाऱ्या खेळींच्या क्रमाला जपानी भाषेत ‘जोसेकी’ म्हणतात. ‘तैशा’ नावाची जोसेकी तिच्या असंख्य फाट्यांमुळे विशेष धास्तीची मानली जाते. प्रतिपक्षी पुष्कळदा मुद्दाम वाकडी खेळी करतो. ती सर्वोत्तम नसते, परंतु तिला सुचणारे पहिले, लोभाचे उत्तर नेमके घातक ठरते. अशा वेळी नुसते पाठांतर उपयोगी पडत नाही.

जाणकार खेळाडू तेथे तीन गोष्टी तपासतो. पहिली, दोन्ही समूहांच्या मोकळ्या बिंदूंची मोजणी. कारण एकमेकांना वेढण्याच्या शर्यतीत एका बिंदूनेही जीवन-मरण ठरते. दुसरी, ‘शिडी’. पळणाऱ्या सोंगटीला तिरप्या पायऱ्यांनी रेटीत थेट समोरच्या कोपऱ्यापर्यंत नेता येते. पण त्या वाटेवर पळणाऱ्याची एखादी सोंगटी आधीच उभी असेल, तर पाठलाग करणाराच उघडा पडतो. म्हणजे एकाच खेळीचे मूल्य दूरच्या स्थितीवरून पालटते. अनेकान्ताच्या संस्कारात वाढलेल्या वाचकास हे वेगळे सांगावयास नको. तिसरी गोष्ट, हिशेब स्पष्ट लागत नसेल तर थोडी हानी पत्करून साधी, भक्कम वाट धरावयाची आणि पुढाकार आपल्याकडे राखून अन्यत्र खेळावयाचे.

ही तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. तिचा कस १८४६ मधील एका प्रसिद्ध डावात लागला. त्या काळी जपानमध्ये होनिन्बो, इनोउए, यासुई व हायाशी अशी गो-विद्येची चार घराणी होती आणि काही खेळी घराण्याबाहेर जाऊ देत नसत. होनिन्बो घराण्याचा तरुण शिष्य शूसाकू चौथ्या श्रेणीचा होता. समोर होते इनोउए घराण्याचे प्रमुख, आठव्या श्रेणीचे गेन्नान इन्सेकी. आरंभीच्या डावात शूसाकूला दोन सोंगट्यांची सवलत होती. परंतु त्याचे सामर्थ्य पाहून इन्सेकींनी तो डाव अर्ध्यावर सोडला आणि सवलतीविना, केवळ काळ्या सोंगट्या देऊन नवा डाव मांडला.

या डावात इन्सेकींनी कोपऱ्यात तैशातील आपल्या घराण्याची गुप्त खेळी काढली. शूसाकू चुकला, पंचविसावी खेळी सदोष ठरली आणि काळ्याची बाजू खालावली. घराण्याची प्रतिष्ठा पणाला लागलेली असताना, झालेली चूक त्याच कोपऱ्यात भरून काढण्याचा मोह किती प्रबळ असेल! परंतु शूसाकूने तो आवरला. गेले ते गेले असे मानून तो उरलेल्या पटावर शांतपणे खेळत राहिला.

पुढे १२७ वी खेळी आली. त्याने पटाच्या मध्याजवळ एक सोंगटी ठेवली. तिने त्याच्या दुर्बळ सोंगट्यांना आधार दिला, वरच्या बाजूचा विस्तार साधला आणि पांढऱ्याच्या प्रभावालाही आवर घातला. पाहणाऱ्यांना इन्सेकीच जिंकणार असे वाटत होते. तेथे उपस्थित असलेल्या एका वैद्याने मात्र निराळे मत दिले, अशी कथा आहे. त्याला खेळाचे फारसे ज्ञान नव्हते. पण त्या खेळीनंतर इन्सेकींचे कान लाल झालेले त्याने पाहिले होते. ‘कान लाल करणारी खेळी’ हे नाव तिला तेव्हापासून चिकटले. ३२५ खेळींनंतर काळा दोन गुणांनी विजयी झाला. त्या काळी पहिल्या खेळीच्या लाभाची भरपाई पांढऱ्याला मिळत नसे, हेही येथे ध्यानात ठेवावयास हवे. तरी कोपऱ्यातील तूट भरून निघाली, ती बाहेरच्या संयमी खेळामुळेच.

बुडीत उधारी वसूल करण्यासाठी त्याच गिऱ्हाइकाला पुन्हा माल देणारा व्यापारी कोपरा सोडावयास तयार नसतो. त्याला तेथे अडकवून ठेवतो तो हिशेब नव्हे, मान आणि लोभ हे कषाय होत. खतावणीतील एक पान तोट्याचे निघाले, तरी बाकीची पाने अद्याप कोरी असतात. ती कशी लिहावयाची, याचा विचार त्या तोट्याच्या पानावरून नजर उचलल्यावरच सुरू होतो.