आदेश महारेराचा, वसुली तहसीलदारांची

पनवेल : बिल्डरने वेळेत ताबा दिला नाही तर रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे व्याजासह पैसे परत मागता येतात. तक्रारीची फी ५ हजार रुपये. इथपर्यंत बहुतेकांना माहीत आहे. पण महारेरा फक्त आदेश देतं. बिल्डरने तो पाळला नाही की वसुली वॉरंट निघतं, जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसीलदारांकडे. मग जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जप्ती आणि लिलाव. गाडी अडते ती इथेच.

आपल्याच तालुक्यात एका बिल्डरवर २७ वॉरंट होती, रक्कम साडेसहा कोटींच्या आसपास. त्याच्या जप्त जमिनीचा लिलाव एप्रिल २०२३ मध्ये ठेवला गेला. का, तर जप्त करायला जमीन सापडली! नावावर काहीच नसेल तर तहसीलदार तरी काय विकणार? म्हणून बिल्डरच्या आणि कंपनीच्या नावावरचे सातबारे ऑनलाइन स्वतः शोधा, गट नंबर लिहून तहसीलला अर्ज द्या, पोच घ्या. तलाठी शोधेल म्हणून बसू नका.

आता आपल्यातला घोळ. भूसंपादनाचे पैसे आले की ओळखीवर रोख द्यायचे, नोटरीच्या कागदावर भागवायचं. करारनामा रजिस्टर न करता किमतीच्या दहा टक्क्यांवर रक्कम घेणंच बेकायदा आहे, तरी आपण देतो. पावती नसलेली रोख वॉरंटच्या रकमेत धरून घेणं फार अवघड. बँकेतून दिलेले असतील तर पासबुकाच्या नोंदी आजच काढून ठेवा.