विझलेली ज्योत

नकाशात बाकू शोधा बरं! कॅस्पियन समुद्राच्या काठी, अझरबैजान देशात. या शहराजवळ सुराखानी इथं एक जुनं अग्निमंदिर आहे. तिथल्या भिंतींवरच्या शिलालेखांत चक्क आपली देवनागरी अक्षरं! एका लेखाची तर सुरुवातच श्रीगणेशाच्या वंदनानं होते. अठराव्या शतकात भारतीय व्यापारी तिकडं जात, त्यांची ही खूण. तिथं जमिनीतून आपोआप ज्वाळा निघत. ना लाकूड, ना तेल.

हे सांगितलं, तेव्हा चौथीतल्या एकानं विचारलं, "बाई, मग ती आग आत शिरून सगळी पृथ्वी का नाही पेटली?"

खरं सांगते, क्षणभर मीही थांबले. मग घरची शेगडी आठवली. जाळ बर्नरवर असतो, नळीत शिरत नाही. कारण जळायला हवा लागते आणि नळीत नुसता गॅस असतो. जमिनीचंही तसंच. ज्योत फटीच्या तोंडाशीच राहते.

पण आत हा वायू आला कुठून? कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातले सूक्ष्म जीव मरून तळाच्या चिखलात गाडले गेले. वर गाळाचे थर चढले. हवा नसल्यानं ते पुरते कुजले नाहीत. खोलवरच्या उष्णतेनं त्यांचं खनिज तेल झालं, वायू झाला.

वायू हलका, तो वर जायला बघतो. पण दगडातून जाणार कसा? घरातला माठ पाहा. दिसतो घट्ट, तरी पाझरतोच ना? वालुकाश्मातही अशीच बारीक छिद्रं असतात. त्यांतून वायू वर सरकतो. वाटेत चिकणमातीचा घट्ट खडक आडवा आला, की त्याच्याखाली साठून राहतो. मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात 'मुंबई हाय' इथं असाच अडकलेला तेल-वायूचा साठा १९७४ साली सापडला. वरच्या खडकाला तडा असेल, तर मात्र वायू थेट जमिनीवर येतो. बाकूजवळ हेच झालं.

पुढे सुराखानीच्या आसपास विहिरी खोदून तेल आणि वायू उपसला गेला. आतला दाब घटला आणि १९६९ साली मंदिराची ज्योत विझली. आज तिथं ज्योत दिसते, पण ती नळानं आणलेल्या गॅसची!

जवळच 'यानार दाग' नावाची टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी अजून खऱ्या ज्वाळा आहेत, पावसात-बर्फातही जळणाऱ्या. वर्गात तिचा फोटो दाखवला. आमचे चौथीतले महाशय तो बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "बाई, तिथं अजून कुणी विहीर नाही ना खोदली?"