ओझं आपलं, तर हिशेब दुसऱ्याचा का?

केंद्र सरकारने २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण आणलं. २०२४ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचं धोरण मंजूर केलं आणि त्यातून सुमारे ५ लाख रोजगार मिळतील असं सांगितलं. आता राधानगरीसारख्या डोंगरी तालुक्यातल्या पदवीधर पोरांच्या मोबाईलवरही 'सप्लाय चेन मॅनेजमेंट'च्या कोर्सच्या जाहिराती येतात. एमपीएससीच्या दोन-तीन प्रयत्नांनी थकलेली आपली मुलं-मुली विचारतात, "ताई, करू का हा कोर्स?"

चळवळीत या प्रश्नाला दोन ठरलेली उत्तरं मिळतात. पहिलं, हे भांडवलदारांचं शास्त्र आहे, आपल्याला काय करायचंय? दुसरं, कर बाबा, गोदामात का होईना, पोटाला लागशील. मला ही दोन्ही उत्तरं मान्य नाहीत. पहिलं उत्तर आपल्याला अडाणी ठेवतं आणि दुसरं हमाल. या शास्त्राचा खरा विषय ट्रक आणि गोदाम नाही. माल कधी, कुठून, कुणी, कुठे न्यायचा हे कोण ठरवतं आणि ठरवणाऱ्याची चूक झाली तर तिची किंमत कोण भरतो, हा त्याचा विषय आहे. आणि याच्याइतका आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाशी भिडणारा विषय दुसरा नसेल.

महार वतन म्हणजे काय होतं ते आठवा. सरकारी निरोप पोचवायचा, वसुलीची रक्कम तालुक्याला जाताना सोबत चालायचं, दौऱ्यावरच्या अधिकाऱ्याचं सामान पुढच्या गावापर्यंत न्यायचं, मेलेलं जनावर गावाबाहेर ओढायचं. हाक आली की ताटावरून उठायचं. समाजशास्त्राच्या पुस्तकात याला बलुतेदारी म्हणतात. मी म्हणते, ही गावगाड्याची लॉजिस्टिक्स होती. वाहतूक महाराची आणि निर्णय पाटील-कुलकर्ण्याचा. महाराच्या डोक्यावर दप्तर होतं, पण त्यात काय लिहिलंय ते वाचायची त्याला बंदी होती.

शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात नेमकं इथे बोट ठेवलं. महार वतनाच्या जमिनी रयतावा केल्या, कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी आणले आणि त्या तलाठीपदावर अस्पृश्य समाजातली माणसंही नेमली. दप्तर वाहणाऱ्याच्या हातात दप्तर दिलं. आरक्षणाबद्दल आपण बरंच बोलतो, या गोष्टीबद्दल फार कमी. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं विधेयक मांडलं तेही याच रोखाने.

आता आजच्या राधानगरीत या. इथला ऊस परितेच्या भोगावतीकडे, बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगाकडे जातो. इथल्या कुठल्याही शेंबड्या पोराला ट्रॅक्टरची रांग म्हणजे काय ते माहीत असतं. मग सप्लाय चेन शिकायला अमेरिकेतल्या मोटार कंपनीचं उदाहरण कशाला पाहिजे?

एक साधा हिशेब मांडू. दिवसाला ५००० टन गाळणारा कारखाना धरा. एक कोयता, म्हणजे एक नवरा-बायको, दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडतो. म्हणजे रोज २५०० कोयते, ५००० माणसं फडात पाहिजेत. एका वाहनात २० टन धरला तर रोज अडीचशे खेपा. गाळप थांबलं तर नुकसान, म्हणून गव्हाण रिकामी पडता कामा नये. तोडलेला ऊस शिळा झाला की साखर घटते, म्हणून तो लवकर पोचला पाहिजे. आता यंत्र बिघडलं, पाऊस आला किंवा तोडणीचा प्रोग्रामच चुकला तर काय होतं? यार्डात गाड्या तुंबतात. रिकामी गाडी फडात वेळेवर येत नाही. रात्री दोन वाजता आली तर रात्री दोन वाजता मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं. बाई पोटुशी असली तरी.

मॅनेजमेंटच्या भाषेत अनिश्चितता झेलायला 'बफर' ठेवतात. कुणी जादा माल ठेवतं, कुणी जादा यंत्र. साखरेच्या साखळीत बफर म्हणून माणसाची झोप ठेवली आहे. कारण तिला पैसे पडत नाहीत. मजुरी टनामागे आहे, तासामागे नाही. कोयता सहा तास गाडीची वाट बघत बसला तर कारखान्याच्या वहीत त्या सहा तासांचा खर्च शून्य लागतो. ज्या गोष्टीचा खर्च शून्य ती वाचवायचा विचार कोण करेल? उसाचा शिळेपणा तासात मोजतात. तोडणारीचं जागरण कुठल्याच रकान्यात नाही.

इतरांच्या थांबण्याला मात्र किंमत आहे. रेल्वेची वाघीण ठरल्या वेळेपेक्षा जास्त थांबली तर विलंब आकार द्यावा लागतो. लोखंडाच्या डब्याला! ऊस उत्पादकाचं पाहा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. राज्य सरकारने २०२२ मध्ये एफआरपीचे तुकडे पाडले तेव्हा राजू शेट्टी कोर्टात गेले आणि २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. शेतकऱ्याने लढून आपल्या थांबण्याची किंमत वसूल केली, हे चांगलंच झालं. तोडणी कामगारांनीही संप केला, जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के दरवाढ मिळवली. पण तीही टनामागे. थांबणं फुकटच राहिलं.

या फुकट थांबण्यात कोण आहे? बीडकडचे वंजारी आहेत, भटके-विमुक्त आहेत, आदिवासी आहेत, आपले बौद्ध आणि मातंग आहेत. उचल घेतलेली असते म्हणून पळता येत नाही, एक दिवस बुडाला तर खाडा कापतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय पेटला, नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. सगळे डॉक्टरांवर तुटून पडले, ते योग्यच होतं. पण पाळीच्या दिवसांत एक दिवस विश्रांतीचीही जागा नसलेलं वेळापत्रक कुणी आखलं, हा प्रश्न कुणी विचारला? तो वैद्यकीय प्रश्न नाही, लॉजिस्टिक्सचा आहे.

आपल्यातल्या ज्यांच्याकडे दहा-वीस गुंठे ऊस आहे त्यांची गत वेगळी आणि तितकीच वाईट. डोंगरकपारीचं छोटं रान, गाडी बांधापर्यंत जात नाही, म्हणून टोळी शेवटी येते. तोवर उसाला तुरा येतो, वजन घटतं. टोळी आली की खुशाली द्या, ड्रायव्हरला एन्ट्री द्या. शिवाय तोडणी-वाहतुकीचा सरासरी खर्च एफआरपीतून कापला जातो. कारखान्याने लांबून ऊस ओढला तर सरासरी वाढते आणि शेजारच्या गावातला वीस गुंठेवालाही ती भरतो. ठरवलं कुणी, भरलं कुणी?

एवढं सगळं असताना कोर्सवाले काय शिकवतात? खर्च कमी करा, वेळ कमी करा. कुणाचा वेळ, हे शिकवत नाहीत. खाजगी क्लासवाले तर चाळीस-पन्नास हजार घेऊन एक्सेल आणि इंग्रजीतली पंधरा संक्षिप्त रूपं देतात आणि शेवटी पॅकिंगच्या लाइनवर उभं करतात. त्यांना पैसे देऊ नका. 'स्वयम्' आणि 'एनपीटीईएल'वर आयआयटीच्या प्राध्यापकांची या विषयावरची व्याख्यानं फुकट आहेत. इंग्रजीत आहेत हे खरं, पण रविवारी वंदना झाल्यावर विहारातल्या टीव्हीवर पाच-सहा जणांनी थांबवत थांबवत पाहिली तर कळतात.

'भांडवलदारांचं शास्त्र' म्हणणाऱ्या साथींना एक विचारते. रुपयाचा प्रश्न हा राज्यकर्त्यांचा, आपण का शिकायचा, असं म्हणत बाबासाहेब लंडनमध्ये स्वस्थ बसले का? १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कामगारांच्या सवलतींबरोबर दामोदर खोऱ्याची योजना, नद्या, वीज यांचेही निर्णय हाताळले. पाणी कुठे साठवायचं, कुठे सोडायचं, हाही साखळीचाच निर्णय असतो, हे राधानगरी धरणाखाली राहणाऱ्यांना मी सांगायला नको. आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसांचं पाणी, जेवण, रांगा आपलेच कार्यकर्ते सांभाळतात. ते काय वेगळं असतं? फक्त त्याचं प्रमाणपत्र नसतं.

तेव्हा कोर्स कराच, पण अभ्यासाला आपलाच तालुका घ्या. येत्या गळीत हंगामात प्रत्येक गटाने एक टोळी धरावी आणि वही घालावी. तोड कधी संपली, गाडी किती वाजता आली, भरायला किती वेळ लागला, यार्डात किती तास गेले, खुशाली किती, खाडा किती. टोळीतल्या बाईला विचारून लिहा, मुकादमाला विचारून नाही. कारखान्याचं सभासदत्व असलेल्या आपल्या माणसाने सहकार कायद्याखाली तोडणी-वाहतूक खर्चाची माहिती मागावी, बाकीची साखर आयुक्त कार्यालयाकडून माहितीच्या अधिकारात. ऑक्टोबरपर्यंत रकाने आखून ठेवा. पहिला रकाना 'थांबलेले तास' असा करा. तोडणी दराचा पुढचा करार होईल तेव्हा ही वही टेबलावर ठेवून थांबण्याचा तासाचा दर मागायचा आहे.