नाण्यांची पोतडी : ग्लॅडिएटर आणि खजुराचे झाड



नातवाने ग्लॅडिएटरचा सिनेमा पाहिला आणि हट्ट धरला, "सबा, मला ग्लॅडिएटरचं जुनं नाणं पाहिजे!" मी म्हटले, "बाळा, मातीच्या दिव्यांवर ग्लॅडिएटर पुष्कळ सापडतात. रोमन नाण्यांवर ते क्वचितच. तिथे बादशहाचा मुखडा, देवदेवता नाहीतर इमारती."

पण एक नाणे आहे. बादशहा टायटसने इ. स. ८०-८१ मध्ये पाडलेले, 'सेस्टर्टियस' नावाचे. तांबे आणि जस्त मिसळून केलेले, म्हणजे खरे तर आपले पितळच. पण संग्राहक त्याला ब्राँझच्या नाण्यांतच धरतात. वजन सुमारे २५ ग्रॅम. त्यावर रोमचे कोलोसियम आहे, वरून पाहिल्यासारखे. आत बारीक बारीक ठिपके, ती प्रेक्षकांची गर्दी. दुसऱ्या बाजूला शस्त्रांच्या ढिगात बसलेला टायटस. लढणारा ग्लॅडिएटर मात्र कुठेच नाही!

तो कोण होता? मुलांनो, इथेच आपली गोष्ट सुरू होते. इ. स. ७० मध्ये याच टायटसच्या फौजेने येरुशलाईमचे बेथ हामिकदाश जाळले. तिशा बेआवला, कोकणातल्या आपल्या बिरड्याच्या रोजाला, आपण त्याचाच शोक पाळतो. त्याच वर्षी टायटसने केसरियात भावाच्या वाढदिवसाला खेळ ठेवले. इतिहासकार जोसेफस लिहितो की त्यात २,५०० पेक्षा जास्त यहुदी कैदी मेले. काही जनावरांशी झुंजताना, काही एकमेकांशी लढताना, काही आगीत. आज आपण केसरियाला डबे घेऊन सहलीला जातो, तेच हे गाव.

आणि कोलोसियमला पैसा कुठला? तिथल्या एका दगडावर धातूची अक्षरे बसवण्यासाठी पाडलेली भोके आहेत. १९९५ साली गेझा आल्फल्डी या विद्वानाने ती जुळवून अर्थ लावला की ही इमारत युद्धातल्या लुटीतून बांधली. ती लूट आपल्याच देशाची, असे विद्वान मानतात.

टायटसचा बाप व्हेस्पेशियन. त्याने इ. स. ७१ मध्ये 'जुडेया काप्टा', म्हणजे 'यहूदा जिंकली', अशी नाणी पाडली. मध्ये खजुराचे झाड, खाली रडत बसलेली यहुदी बाई. झाड म्हणजे आपला देश.

पण झाड आधी आपलेच होते हो! बंडाच्या चौथ्या वर्षी, इ. स. ६९-७० मध्ये, वेढा जवळ येत असतानाही येरुशलाईममध्ये ब्राँझची नाणी पाडली जात होती. एका बाजूला लुलाव आणि एत्रोग, दुसऱ्या बाजूला सात पानांचे खजुराचे झाड, दोन टोपल्या आणि शब्द : 'सियोनच्या मुक्तीसाठी'. पुढे बार कोखबाच्या लोकांनी (इ. स. १३२-१३५) रोमन नाणीच घेतली, बादशहाचा चेहरा ठोकून-घासून काढला आणि वर आपला छाप मारला. त्यातही खजुराचे झाड आहे. काही नाण्यांवर जुना चेहरा अजून पुसट दिसतो.

आता कामाचे दोन शब्द. कोलोसियमचे खरे नाणे फार दुर्मीळ. स्वस्तात मिळाले तर नकली समजा. घ्यायचे तर परवानाधारक व्यापाऱ्याकडून, पावतीसह. शेतात, समुद्रकाठी जुने नाणे सापडले तर ते आपले नाही, सरकारचे. १९७८ च्या कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांत पुरातत्त्व खात्याला कळवायचे. आणि आजीबाईंना विनंती : तांब्याच्या हंड्यासारखे चिंच-मीठ लावून घासू नका! वरचा हिरवा थर हाच त्या नाण्याचा दाखला आहे, तो गेला की किंमतही गेली.

नातवाला मी अखेर दहा शेकेलचे नाणे दिले. "हे तर दुकानात चालतं!" तो हिरमुसला. मी भिंग दिले, म्हटले, "पानं मोज." सात भरली. दोन टोपल्या दिसल्या. मग त्याने बाजूची अक्षरे वाचली, 'लिगेउलात त्सियोन', आणि गप्प झाला. नंतर विचारले, "सबा, केसरियातल्या त्या लोकांच्या खिशात पण हेच होतं का?"

कदाचित असेलही, बाळा.

मुलांनो, आज आजोबांकडून दहा शेकेल मागा आणि पाने मोजा. खर्च मात्र करू नका हं!